कार्बन मोनॉक्साइड विषबाधा (घरगुती)

घरातील शेगडी, गॅस गीझर, चूल, जनित्र किंवा वाहन यांतील इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू श्वासावाटे शरीरात गेल्यामुळे होणाऱ्या विषबाधेस घरगुती कार्बन मोनॉक्साइड विषबाधा असे म्हणतात. हा वायू रंगहीन, गंधहीन व चवहीन असून तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबत नाही. त्यामुळे बाधित व्यक्तीस धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच तिची विचारशक्ती आणि हालचालीची शक्ती क्षीण होते. महाराष्ट्रात अशा घटना प्रामुख्याने बंद स्नानगृहातील गॅस गीझरमुळे, तसेच थंडीत किंवा बाळंतिणीच्या खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे घडतात. ही विषबाधा जवळजवळ नेहमीच टाळता येण्यासारखी असते.

वायूचे स्वरूप

कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत कार्बनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो. लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल, एलपीजी किंवा नैसर्गिक वायू यांपैकी कोणतेही कार्बनयुक्त इंधन पुरेशा हवेत जळाले, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की कार्बनचे ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असला, तरी फरक इतका थोडा आहे की तो खोलीत वर किंवा खाली साचून न राहता हवेत सर्वत्र मिसळतो.

या ठिकाणी एका गैरसमजाचा निर्देश आवश्यक आहे. गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या वृत्तांत पुष्कळदा ‘गॅसगळतीमुळे गुदमरून मृत्यू’ अशी शब्दयोजना केलेली आढळते. गळती आणि कार्बन मोनॉक्साइड या वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिंडरमधील एलपीजी हे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असून त्यात कार्बन मोनॉक्साइड नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. ज्योत पेटल्यावर हा पदार्थही जळून जातो. त्यामुळे गीझर व्यवस्थित पेटलेला आहे, नळी घट्ट आहे, कोठेही वास नाही, अशा स्थितीतही न्हाणीघरात प्राणघातक वायू साचू शकतो. ‘वास आला नाही’ ही बाब गळती नसल्याचे सुचवते. कार्बन मोनॉक्साइड नसल्याचे मुळीच नाही.

शरीरावरील परिणाम

रक्तातील हिमोग्लोबिन फुफ्फुसांत ऑक्सिजन स्वीकारून तो शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिनविषयी असलेली आसक्ती ऑक्सिजनच्या सुमारे २०० ते २५० पट आहे. दोघांच्या संयोगातून कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तयार होते व तेवढे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास निरुपयोगी ठरते. इतकेच नव्हे, तर उरलेल्या हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजनही ऊतींना सहजासहजी सुटून मिळत नाही. आसक्तीतील या तफावतीमुळे हवेत केवळ ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड असला आणि माणूस त्या हवेत पुरेसा वेळ राहिला, तर त्याचे जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन व्यापले जाऊ शकते. मेंदू व हृदय यांना प्राणवायूची गरज सर्वाधिक असल्याने पहिला आघात त्यांच्यावर होतो.

हवेतील प्रमाण दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे पीपीएम या एककात सांगतात. साधारणतः २०० पीपीएम प्रमाण असलेल्या हवेत दोन-तीन तास राहिल्यास डोके दुखू लागते व मळमळते. ८०० पीपीएममध्ये पाऊण तासात चक्कर व मळमळ सुरू होऊन दोन तासांच्या आत शुद्ध हरपते. १,६०० पीपीएमला वीस मिनिटांत लक्षणे दिसतात आणि तास-दोन तासांत मृत्यू ओढवतो. प्रमाण १२,८०० पीपीएमपर्यंत गेल्यास एक ते तीन मिनिटेही पुरतात. हे आकडे निरोगी प्रौढांसाठीचे ढोबळ अंदाज होत. लहान मुले, वृद्ध, रक्तक्षय असलेल्या व्यक्ती, तसेच हृदयविकार किंवा श्वसनविकार असलेल्या व्यक्ती यांना कमी प्रमाणातही बाधा होते.

गर्भाची स्थिती विशेष नाजूक असते. गर्भाच्या रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिनचे प्रमाण सावकाश वाढते, परंतु ते मातेच्या प्रमाणापेक्षाही वर जाते आणि उतरण्यास अधिक वेळ घेते. माता सावध झाली म्हणून गर्भ सुरक्षित आहे असे मानता येत नाही.

घरातील उगमस्थाने

गॅस गीझर

पूर्वी महाराष्ट्रात अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात किंवा परसातील चुलवणावर तापवले जात असे. बंब लाकडे, गोवऱ्या किंवा नारळाच्या सोडणांवर पेटवला जाई आणि त्यातून भरपूर धूर निघे. त्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असेच. परंतु बंब सहसा उघड्यावर अथवा पडवीत असे, आणि धूर स्वतःच माणसाला बाहेर पिटाळत असे. गॅस गीझरने धूर नाहीसा केला आणि ज्योत बंद न्हाणीघरात आणली. सोयीच्या दृष्टीने ही प्रगतीच होती, मात्र धोक्याची पूर्वसूचना तिच्याबरोबर गेली.

प्रश्न किती बिकट आहे हे साध्या हिशेबाने समजते. मिनिटाला सहा लिटर पाणी सुमारे २५ अंश सेल्सिअसने तापवणारा गीझर पूर्ण क्षमतेने चालल्यास ताशी जवळजवळ एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. शहरी सदनिकेतील चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच साडेपाच घनमीटरांच्या आत असते. दार-खिडकी बंद असल्यास दहा मिनिटांत गीझर सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू, म्हणजे खोलीतील प्राणवायूचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग, वापरून टाकू शकतो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत असते, त्यामुळे घट इतकी तीव्र नसते. तथापि प्राणवायू कमी होऊ लागताच ज्योत बिघडते व कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण झपाट्याने वाढते. अंघोळ करणारी व्यक्ती त्याच हवेत श्वास घेत असते. वाफेने भरलेल्या खोलीत वाटणारी घुसमट ही उष्णतेमुळे आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

काही गीझरांना ज्वलनवायू बाहेर सोडणारी नळी असते, परंतु अनेक साध्या प्रकारांना ती नसते. नळी असली तरी ती कोठे उघडते हे पाहणे अगत्याचे आहे. मुंबई-पुण्याकडील इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या पुष्कळदा एका अरुंद डक्टमध्ये उघडतात. अशा डक्टमध्ये सोडलेला वायू वरच्या मजल्यावरील खिडकीतून शेजाऱ्याच्या घरात शिरू शकतो.

गॅस गीझरमुळे न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या रुग्णांचे वर्णन भारतीय वैद्यकीय लेखनात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने आढळते. अशा रुग्णास काही वेळा झटकेही येतात. दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणले की तो हळूहळू शुद्धीवर येतो. परिणामी प्रसंगाचे खापर फीट, रक्तदाब किंवा पाय घसरून पडणे यांवर फुटते. एखाद्यास अपस्माराची औषधे सुरू होतात आणि गीझर मात्र जागच्या जागी राहतो. म्हणूनच न्हाणीघरात कोणी बेशुद्ध पडल्यास ‘पाणी कशावर तापवता’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता कुटुंबीयांनी ती माहिती आपण होऊन द्यावी.

कोळशाची शेगडी

लाल निखाऱ्यांतून धूर निघत नाही, यामुळे लाकडापेक्षा कोळसा निर्धोक असतो अशी समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. निखाऱ्यांच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तप्त कार्बनमधून जाताना त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. निखाऱ्यांवर कधी कधी दिसणारी फिकट निळी ज्योत ही याच वायूच्या जळण्याची असते. निखारे विझत आले, त्यांवर राख धरली, की ही ज्योतही मावळते आणि वायू न जळता खोलीत पसरतो. शेगडी ‘आता विझतच आली आहे’ म्हणून दार लावून झोपणे हे त्यामुळे विशेष घातक ठरते.

काश्मीर, हिमाचल प्रदेश, पंजाब, दिल्ली या भागांत अंगीठी पेटवून झोपल्याने होणाऱ्या मृत्यूंची वृत्ते दर हिवाळ्यात येतात. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी मोजक्याच भागांत पडत असल्याने हा प्रकार तुलनेने कमी आहे. परंतु येथे शेगडी दुसऱ्या वाटेने घरात येते, ती म्हणजे बाळंतपण. बाळ-बाळंतिणीला शेक देणे व धुरी देणे हा अनेक घरांतील आचार आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, धूप इत्यादी टाकून बाळाला धुरी देतात आणि ‘वारा लागू नये’ म्हणून खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवतात. यांतील ऊब देण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. धोका आहे तो निखारे आणि बंद खोली एकत्र येण्यात. नवजात बालकाचा श्वसनाचा वेग प्रौढापेक्षा पुष्कळ अधिक असतो, त्याला डोके दुखते असे सांगता येत नाही, आणि त्याचे सुस्त होणे हे शांत झोप लागण्यासारखेच भासते. बाळंतीणही थकलेली असून बाळंतपणातील रक्तस्रावामुळे तिला रक्तक्षय असण्याची शक्यता असते.

जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून व भिंतीतील झरोक्यांतून हवा खेळत असे. सिमेंटच्या छताच्या आणि घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्यांच्या खोलीत तसे होत नाही. आचार तोच राहिला, घर मात्र बदलले. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी, कपड्यांचे थर व आईच्या अंगाची ऊब यांचा उपयोग करता येतो. धुरी नवजात बालकाच्या श्वसनमार्गास कोणत्याही परिस्थितीत अपायकारकच असते व बालरोगतज्ज्ञ ती न देण्याचाच सल्ला देतात. घरातील वडीलधाऱ्यांशी या विषयावर बोलणे सुनेला किंवा माहेरी आलेल्या लेकीला अवघड जाते. प्रसूतीनंतर घरी सोडताना डॉक्टर, परिचारिका किंवा आशा सेविका यांनीच ही सूचना सर्वांसमक्ष दिल्यास ती पाळली जाण्याचा संभव वाढतो.

अन्य उगमस्थाने

पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणारी छोटी जनित्रे वीज गेल्यावर जिन्याखाली, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा बंद सज्जात चालवली जातात. पेट्रोल इंजिनाच्या उत्सर्जनात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण फार मोठे असते, आणि खिडकी उघडी ठेवून जनित्र घरात चालवणे हा त्यावरील उपाय नव्हे. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातील वाहनतळात इंजिन सुरू ठेवून वातानुकूलित गाडीत झोपणे हेही याच प्रकारात मोडते. लाकडाची चूल, रॉकेलचा स्टोव्ह, घरात आणून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी, हुक्क्याचे निखारे यांतूनही हा वायू निघतो. ग्रामीण भागात विहिरीत इंजिन उतरवून पाणी उपसताना घडणाऱ्या दुर्घटनांमागेही तो असू शकतो. मात्र विहिरीत प्राणवायूचा अभाव व इतर विषारी वायू यांचाही संभव असल्याने प्रत्येक घटनेचे कारण हेच असते असे नाही.

स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी योग्य स्थितीत असल्यास तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड अत्यल्प असतो. ज्योत निळी व स्थिर असणे हे चांगल्या ज्वलनाचे, तर पिवळी, लवलवती ज्योत आणि भांड्यांच्या बुडाला धरणारी काजळी हे बिघाडाचे लक्षण होय. बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने किंवा वरणाने बुजल्यास असे होते. तथापि निळी ज्योत ही पूर्ण हमी नाही. खोलीतील प्राणवायू कमी होत असताना ती दिसायला बराच काळ निळी राहू शकते.

लक्षणे व निदान

डोकेदुखी हे सर्वांत आढळणारे लक्षण असून तिच्या जोडीला चक्कर, मळमळ, ओकारी, अशक्तपणा, धाप, छातीत दुखणे व विचारांचा गोंधळ ही लक्षणे दिसतात. पुढे तोल जाणे, झटके, बेशुद्धी व मृत्यू असा क्रम असतो. झोपेत बाधा झाल्यास यांपैकी कोणतेही लक्षण न जाणवता मृत्यू येऊ शकतो.

सौम्य बाधा फ्लू, अपचन किंवा पित्त यांसारखी भासते. पुढील खुणा मात्र बोलक्या आहेत: घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे, ताप नसणे, घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे व परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होणे, मांजर, कुत्रा किंवा पिंजऱ्यातील पक्षी माणसांच्या आधी मलूल होणे. त्वचा चेरीसारखी लाल होते असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असले, तरी जिवंत रुग्णांत ती क्वचितच तशी दिसते. तिची वाट पाहू नये.

कोविडच्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत तो फसवा ठरतो. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन व ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन यांतील भेद त्या साधनाला ओळखता येत नसल्यामुळे रुग्ण गंभीर असतानाही आकडा ९८ किंवा ९९ दिसू शकतो. खात्रीच्या निदानासाठी रुग्णालयात को-ऑक्सिमीटरने रक्ताची तपासणी करावी लागते. धूम्रपान न करणाऱ्यांत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन सामान्यतः २ ते ३ टक्क्यांच्या आत असते, तर नियमित धूम्रपान करणाऱ्यांत ते १० टक्क्यांपर्यंत आढळते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत प्राणवायू दिला गेला असल्यास हे प्रमाण उतरलेले असते, त्यामुळे घटनास्थळाची माहिती रक्ताच्या आकड्याइतकीच महत्त्वाची मानली जाते.

तातडीचे उपाय

बाधित व्यक्तीला विनाविलंब मोकळ्या हवेत नेणे हा पहिला व सर्वांत मोलाचा उपाय होय. आत शिरणाऱ्याने आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, शक्य असल्यास इंधनाचा पुरवठा बाहेरूनच बंद करावा आणि आत रेंगाळू नये. एकाला शोधायला गेलेला दुसराही तेथेच कोसळल्याच्या घटना घडतात. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने किंवा धूळरोधक मुखपट्टीने हा वायू अडत नाही.

व्यक्ती बेशुद्ध असून श्वास चालू असल्यास तिला एका कुशीवर निजवावे. श्वास बंद असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने त्वरित छातीदाब व कृत्रिम श्वसन सुरू करावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ वर आपत्कालीन साहाय्य मिळते. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी अथवा ताक ओतणे या प्रकारांनी मोलाचा वेळ जातो. बेशुद्ध व्यक्तीच्या बाबतीत ओतलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन नवे संकट उभे राहते.

रुग्णालयातील मुख्य उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन निम्मे होण्यास सुमारे चार ते सहा तास लागतात. मुखवट्यावाटे शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ एक ते दीड तासावर येतो, आणि वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाच्या कक्षात ऑक्सिजन दिल्यास तो वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत घटतो. उच्चदाब ऑक्सिजन उपचाराची सोय मोजक्याच रुग्णालयांत असते आणि तो कोणत्या रुग्णांना द्यावा याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बेशुद्ध झालेले रुग्ण व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत त्याचा विचार प्राधान्याने केला जातो.

रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, वागण्यातील बदल, चालण्यातील अडखळ अशी लक्षणे उद्भवू शकतात. हा उशिरा होणारा मज्जासंस्थेचा विकार वयोमानाचा किंवा मानसिक धक्क्याचा परिणाम समजून दुर्लक्षिला जाऊ नये यासाठी रुग्णाची काही आठवडे पुनर्तपासणी करतात.

प्रतिबंध

गॅस गीझर न्हाणीघराबाहेर बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. नव्या इमारतींतील ड्राय बाल्कनी किंवा उघडा सज्जा ही त्यासाठी योग्य जागा असून गरम पाणी नळाने आत आणता येते. सज्जा काचेच्या सरकत्या तावदानांनी बंद केलेला असेल तर मात्र त्या जागेचा लाभ उरत नाही. गीझर आतच ठेवणे भाग असल्यास दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर व गॅसचा कॉक बंद करावा, थोडी हवा खेळू द्यावी आणि नंतरच दार लावून अंघोळ करावी. घरातील तीन-चार जणांनी पाठोपाठ अंघोळ केल्यास शेवटच्या व्यक्तीच्या वाट्याला सर्वांत दूषित हवा येते. मुले किंवा पाहुणे शेवटी जात असतील, तर त्यांना हा नियम आधी समजावून सांगणे गरजेचे असते. पाहुण्यांना घरातील गीझर विजेचा आहे की गॅसचा याचीही पुष्कळदा कल्पना नसते.

वायुवीजनासाठी हवा बाहेर जाण्याची आणि आत येण्याचीही वाट लागते. दार घट्ट लावून केवळ एक्झॉस्ट पंखा चालवल्यास आत येण्यास हवा नसल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहतो. गीझरला धूरनळी असल्यास पंख्याच्या ओढीने तिच्यातील वायू उलट खोलीत येण्याचाही संभव असतो. यासाठी दाराच्या खालच्या भागात जाळीची फट व वरच्या बाजूस कायम उघडी राहणारी झडप अशी रचना करतात. थंडीत गार वारा येतो म्हणून ती जाळी वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा लावून बुजवली जाते. दुर्घटना हिवाळ्यात अधिक घडण्याचे हे एक कारण आहे.

काही गीझरांत प्राणवायूचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांपर्यंत उतरल्यास गॅस आपोआप बंद करणारी व्यवस्था असते. ती असणे इष्टच. पण ती प्राणवायू मोजते, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. बर्नर काजळलेला असल्यास प्राणवायू पुरेसा असतानाही विषारी वायू निर्माण होऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यापूर्वी, प्रशिक्षित कारागिराकडून गीझरची सफाई करून घेतात.

निखाऱ्यांची शेगडी झोपण्याच्या खोलीत न ठेवणे याला पर्याय नाही. खोलीत पाण्याची बादली, झाडाची कुंडी किंवा चिरलेला कांदा ठेवल्याने वायू शोषला जातो ही समजूत निराधार आहे. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात अत्यल्प विरघळतो. घरगुती हवाशुद्धी यंत्रेही तो काढून टाकत नाहीत. पेटती मेणबत्ती विझली नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे, हा आडाखाही चुकीचा ठरतो, कारण माणसाला मारण्यास पुरेशा प्रमाणातील वायूने ज्योत विझत नाही.

सूचक यंत्र

कार्बन मोनॉक्साइड सूचक हे भिंतीवर लावायचे किंवा मेजावर ठेवायचे छोटे, बहुधा बॅटरीवर चालणारे यंत्र असते. त्यातील विद्युतरासायनिक संवेदक वायूचे प्रमाण व काळ या दोहोंचा हिशेब ठेवून कर्कश आवाज करतो. युरोपातील ईएन ५०२९१ या मानकानुसार ५० पीपीएम प्रमाण असल्यास ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत व ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत इशारा मिळणे आवश्यक असते. अमेरिकेतील यूएल २०३४ मानकात ७०, १५० व ४०० पीपीएम असे टप्पे आहेत.

भारतात खरेदी करताना एक दक्षता घ्यावी लागते. ‘गॅस डिटेक्टर’ या नावाने विकली जाणारी अनेक यंत्रे एलपीजीची गळती ओळखणारी असतात व त्यांना कार्बन मोनॉक्साइड ओळखता येत नाही. धूरसूचकाचेही तसेच आहे. यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आणि मानकाचा स्पष्ट उल्लेख पाहूनच ते घ्यावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सूचक जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकाला असे बंधन नाही. तो झोपण्याच्या खोलीजवळ, आवाजाने जाग येईल अशा ठिकाणी, आणि वाफ किंवा फोडणीचा धूर थेट लागणार नाही अशा अंतरावर लावतात. संवेदकाचे आयुष्य मर्यादित, प्रकारानुसार सुमारे पाच ते दहा वर्षे असते. त्यानंतर बॅटरी नवी घालूनही यंत्र विश्वसनीय राहत नाही. चाचणीची कळ दाबल्यावर होणारा आवाज सर्वसाधारणपणे भोंगा व विद्युतमंडल चालू असल्याचे दाखवतो, संवेदक शाबूत असल्याचे नव्हे.

इंग्लंडमध्ये घन इंधन जाळण्याची सोय असलेल्या भाड्याच्या घरांतील खोल्यांत असा सूचक बसवणे घरमालकांवर २०१५ पासून बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सक्ती गॅसवरील स्वयंपाकाची शेगडी वगळता इतर स्थिर ज्वलन साधनांनाही लागू झाली. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत या ना त्या स्वरूपात असे नियम आहेत. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना घराला जोडलेले गॅरेज, भट्टीवर चालणारी तापनव्यवस्था आणि हिमवर्षावात बुजणारी धूरनळी व गाडीची नळी हे येथे अपरिचित असलेले धोके संभवतात. घरातील सूचक वाजल्यास तो बिघडला असे समजून बॅटरी काढून ठेवू नये, तर सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलास बोलवावे असा तेथील प्रघात आहे.

इतिहास

कार्बन मोनॉक्साइडची घटना स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुकशँक यांनी १८०० च्या सुमारास स्पष्ट केली. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये हा वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो असे दाखवले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतःच हा वायू हुंगून त्याच्या परिणामांची नोंद केली. खाणींतील स्फोटांनंतर बहुसंख्य कामगार स्फोटाने नव्हे, तर मागाहून पसरणाऱ्या या वायूने मरतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. पूर्वसूचनेसाठी खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्याच सूचनेवरून पडली आणि ब्रिटनमध्ये ती १९८६ पर्यंत टिकली.

मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून तयार केलेला असून कार्बन मोनॉक्साइड हा त्याचा एक घटकच होता. त्या काळी गळतीचा धोका स्फोटाइतकाच विषबाधेचाही असे, आणि गॅस म्हणजे विष ही लोकांतील समजूत बहुधा तेव्हापासूनची आहे. एलपीजी व नळाने येणारा नैसर्गिक वायू यांत तो घटक नाही. आज धोका आहे तो ज्वलनाच्या अपुरेपणातून.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी, शयनगृहातील शेकोटीच्या धुराड्यातून वायू बाहेर न जाऊ शकल्याने मृत्यू झाला. त्यांची पत्नी बचावली. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथील एका विश्रामगृहात केरळमधून आलेले आठ पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यांत चार बालके होती. थंडीमुळे त्यांनी दारे-खिडक्या बंद करून खोलीत गॅसवर चालणारा हीटर लावला होता.